वीरगळाची खालची चौकट

वहीला अजून तोच वास आहे. तेलाचा, शेंदराचा आणि त्याखाली कुठेतरी पेट्रोलचा. आतार सरांचं घराणं तीन पिढ्या अत्तर विकणारं. आटपाडीच्या बाजारात त्यांच्या चुलत्यांचं दुकान होतं. पण सरांच्या अंगाला कधी अत्तराचा वास आला नाही. ते जवळून गेले की त्यांच्या एम-एटी मोपेडचा वास यायचा. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, गुलाब लावून माळावर गेलं की मधमाश्या लिहू देत नाहीत.

ही वही संदीप माझ्या साताऱ्याच्या घरी घेऊन आला. माझ्या नोकरीची पहिली सहा वर्षं ज्या गावात गेली, त्या गावच्या आबा पाटलांचा हा नातू. आता तोही शिक्षक झालाय. गावाचं नाव मी लिहीत नाही. आटपाडी तालुक्यातलं आहे, माणगंगेपासून थोडं आत, एवढं पुरे. त्या गावाच्या वेशीवर एक वीरगळ आहे. लढता लढता मेलेल्या माणसाची आठवण म्हणून पूर्वी असा कोरीव दगड उभा करायचे. आता ग्रामपंचायत तिथे माहितीचा फलक लावणार आहे आणि त्याचा मजकूर संदीपनं लिहिलाय. सर जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या घरून त्यानं वह्या मागून आणल्या, नीट वाचल्या, आणि मजकूर तपासायला माझ्याकडे आला.

मजकूर चांगला होता. मधे एक वाक्य होतं. 'सुरुवातीस आतार सरांनी प्रत्यक्ष न पाहता या दगडाविषयी चुकीचा निष्कर्ष काढला होता. पुढे तो त्यांनी स्वतःच दुरुस्त केला.' मी तिथे थांबलेली पाहून संदीपला वाटलं, मला माझ्या जुन्या चित्राची काळजी पडली असावी. तो समजुतीनं म्हणाला, "तुमचा काय दोष बाई, सरांनी सांगितलं तसं तुमी काढलं." मग चहा प्याला, वही ठेवली, आणि चार वाजताच्या गाडीनं गेला.

ते वाक्य खोटं आहे. न पाहता चूक केली ती मी. आणि हे माहीत असलेलं जिवंत माणूस आता मी एकटीच, असं मला त्या दिवशी वाटत होतं. मी गप्प राहिले असते तर दोन महिन्यांत ते वाक्य सरांच्या नावासकट रंगून वेशीवर उभं राहिलं असतं.

मी साताऱ्यात वाढलेली. आमच्याकडे पावसाळ्यात छत्री वाळत नाही, भिंतीला बुरशी येते आणि शाळेच्या सहली महाबळेश्वर-पाचगणीच्या पलीकडे जात नाहीत. बावीस वर्षांची असताना चित्रकलेची शिक्षिका म्हणून त्या गावच्या हायस्कूलवर नेमणूक झाली. पुसेगाव, म्हसवड, दिघंची करत एसटी पुढे जाईल तसं हिरवं मागे राहत गेलं. दिघंचीच्या स्टँडवर मी चक्क रडले. शेजारच्या बाईनं मला मूठभर शेंगा दिल्या आणि काही विचारलं नाही. गावात पोचले तेव्हा पहिला वास आला तो मेंढरांचा. हा वास पुढे सहा वर्षं माझ्या केसांत, पांघरुणात, रंगांच्या बाटल्यांतसुद्धा होता. पहिल्या महिन्यात मला त्यानं मळमळायचं. आता रस्त्यात कुठे कळप आडवा आला की मी रिक्षावाल्याला थांबायला सांगते.

आतार सर त्याच शाळेत इतिहास आणि मराठी शिकवायचे. रोज आटपाडीहून एम-एटीवर यायचे. उंच, वाळलेलं अंग, कोपरावर चमकणारा टेरिकॉटचा शर्ट, आणि चष्म्याच्या एका काडीला दोरा. वर्गात शिकवायला ते फार मोठे होते असं नाही. सनावळ्या सांगताना त्यांना स्वतःलाच कंटाळा यायचा. पण एखाद्या पोरानं, सर, आमच्या शेतात कसला तरी दगड निघालाय, असं म्हटलं की ते खडू खाली ठेवायचे. त्या पोराचा मग दिवसभर पाहुण्यासारखा मान.

रविवार दगडांचा. मला चित्र काढता येतं म्हणून त्यांनी मला विचारलं, मीही रविवारला कंटाळलेली होते, म्हणून हो म्हटलं. एकट्या बाईनं गाडीवर मागे बसून जाणं गावाला रुचलं नसतं. म्हणून मी एसटीनं जायची आणि सर फाट्यावर गाडीला टेकून वाट पाहायचे. तिथून आम्ही चालत जायचो. ते गाडी ढकलत पुढे, मी मागे. त्यांच्या बायकोला, भाभींना, मी कोण ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तेव्हापासून डब्यात चार भाकरी जास्त असायच्या, शेंगदाण्याची चटणी, आणि माझ्यासाठी वेगळ्या पुडीत गुळाचा खडा.

दगडापाशी गेल्यावर ते लगेच दगडाकडे बघायचेच नाहीत. आधी नारळ फोडायचे. गाव त्याला देव म्हणतं, मग आपण न विचारता हात कसा लावायचा, असं त्यांचं म्हणणं. मग जो कोणी म्हातारा तिथे असेल त्याच्याशी तासभर बोलणं. वही तेव्हा उघडायची. प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ. डावीकडे लिहिलेलं 'पाहिलं', उजवीकडे 'ऐकलं'. म्हातारा म्हणाला की हा रामाच्या सैन्यातला, की ते तसंच, त्याच्याच शब्दांत, उजवीकडे. न हसता. डावीकडे मात्र फक्त डोळ्यांनी दिसलेलं. स्वतःला काय वाटतं ते लिहायला जागाच नव्हती. फार वाटलंच तर ते माझ्या एसटीच्या तिकिटामागे लिहायचे आणि येताना फाट्यावर फेकून द्यायचे.

मग पाणी. बादलीभर पाणी आणि काथ्याचा कुंचला. पीठ किंवा चुना चोळला तर कोरीव काम उठून दिसतं, पण सर चोळू द्यायचे नाहीत. पिठाला मुंग्या येतात आणि चुन्यानं दगड मरतो. ते खिशातून दाढीचा आरसा काढायचे आणि ऊन तिरपं पाडायचे. ओल्या दगडावरून उजेड सरकत जायचा आणि कुठे नसलेलं कुठून तरी उगवायचं. घोड्याचा खूर, बाईच्या पायातला वाळा, गाईच्या गळ्यातली घंटा. मी कितीतरी चित्रं पाहिली आहेत नंतर, मुंबईची प्रदर्शनं पाहिली आहेत. त्या आरशाच्या कवडशात हळूहळू पुढे येणाऱ्या खुरानं मला जे दिलं ते पुन्हा मिळालं नाही.

हिवाळ्यातले ते रविवार सगळ्यात सुंदर. माळावर गवत पिवळं, हवा कोरडी, लांबवर कुणीतरी हलगी वाजवतंय ते कोसभरावरून ऐकू यायचं. दिवाळी झाली की धनगरांची घरं रिकामी व्हायची. मेंढरं, घोडी, घोड्यांवर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर बांधलेली कोंबडी, असा सगळा काफिला निघायचा. शाळेमागे ज्यांचा तळ असायचा ती ठकूबाई जाताना मला हाक मारायची, "बाई, मृगाला येतो." मृग यायचा, पाऊस कधी यायचा कधी नाही, पण ठकूबाई यायची.

लोक सरांकडे कागदही आणायचे. फडक्यात बांधलेले, मोडी लिपीतले, उंदरांनी कुरतडलेले. सर ते मोठ्यानं वाचून दाखवायचे, नक्कल उतरवून घ्यायचे आणि मूळ कागद पुन्हा त्याच फडक्यात त्याच गाठीनं बांधून द्यायचे. एका म्हाताऱ्याला त्यांनी त्याच्या पणज्याचं नाव वाचून दाखवलं. म्हाताऱ्याला ते माहीतच नव्हतं. त्यानं ते तीनदा स्वतःशी म्हणून पाहिलं, आणि मग सरांच्या पाया पडायला वाकला. सर दोन पावलं मागे सरले आणि धोंड्यावरून पडता पडता वाचले. मी हसले. मला तेव्हा सगळ्याचंच हसू यायचं.

आणखी एक सांगायला हवं. वहीत काही चुकलं की सर त्यावर एकच बारीक रेघ मारायचे. खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, असा नियम. मी एकदा रबर पुढे केलं तर त्यांनी ते परत दिलं. "काय चुकलो होतो ते पण राहू दे बाई. उद्या कुणाला तरी उपयोगी पडेल."

आमच्या वेशीवरचा वीरगळ आम्ही सगळ्यात शेवटी घेतला, जवळ होता म्हणून. वीरगळाला बहुधा तीन चौकटी असतात. खालच्या चौकटीत तो कसा मेला ते कोरलेलं असतं, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत असतात, आणि वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो. या दगडाच्या वरच्या दोनच चौकटी दिसत होत्या. खालची मातीत होती. सरांनी डावीकडे लिहिलं, 'तिसरी चौकट जमिनीत. पाहिलेली नाही.' मला म्हणाले, चित्रात खाली जागा कोरी सोडा.

त्याच सुमारास भाभींच्या ऑपरेशनसाठी सरांना महिनाभर मिरजेला राहावं लागलं. जाण्याआधी त्यांनी सांगलीच्या एका साप्ताहिकासाठी लेख लिहून माझ्याकडे दिला. चित्र जोडून पाठवायचं काम माझं. एका रविवारी दुपारी खोलीत बसून मी ते शाईत उतरवलं. दोन चौकटी छान झाल्या. खाली कोरी जागा. ती मला बघवेना. चित्राखाली माझं नाव छापून येणार होतं, पहिल्यांदाच, आणि साताऱ्यात आई ते शेजारणींना दाखवणार होती. अर्धवट चित्र कसं दाखवणार. आसपासच्या वीरगळांवर घोडेस्वार पाहिलेच होते की मी. मी घोडा काढला. त्यावर तलवार उगारलेला माणूस काढला. घोडा तर फारच सुरेख उतरला.

साप्ताहिकातल्या माणसांना चित्रात तिसरी चौकट दिसली, म्हणून त्यांनी लेखातलं 'पाहिलेली नाही' हे वाक्य काढून टाकलं. अंक गावात आला तो थेट आबा पाटलांच्या ओसरीवर. आबा तेव्हा सरपंच होते, तरुण, मिशा राखलेले, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या भावकीचे कारभारी. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं आणि निकाल दिला. "घोडा हाय, तलवार हाय. आमच्या भावकीबिगर गावात घोडं हुतं कुणाकडं?"

सर परत आले, अंक पाहिला, आणि स्टाफरूममध्ये कुणी नसताना मला विचारलं की खालची चौकट तुम्ही कधी पाहिलीत. आजही त्या क्षणाची आठवण आली की मी हातातलं काम सोडून उठते. मी म्हटलं, "पोरांनी माती उकरली होती सर, तुम्ही नव्हता तेव्हा. मी पाहून काढलं. मग परत बुजवली."

त्यांनी शंका घेतली नाही. उलट त्यांचा चेहरा खुलला. तिथल्या तिथे वही काढून त्यांनी डावीकडच्या भागात लिहिलं, 'खालची चौकट. घोडेस्वार, हाती तलवार. चित्रकलेच्या बाईंनी पाहिली.' इतक्या वर्षांत त्या डाव्या बाजूला दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. मी ते लिहिताना बघत उभी होते. घंटा झाली आणि मी सहावीच्या वर्गावर गेले.

मग गावानं त्या दगडाचा उत्सव सुरू केला. माघात. चौथरा बांधला, दगडाभोवती सिमेंट झालं, कमानीवर माझा घोडा रंगवला, चांगला चार पट मोठा. पहिल्या वर्षी सरांचं भाषण झालं आणि त्यांनी सांगितलं, हा घोडेस्वार वीर आहे. माझ्या शब्दावर सांगितलं. फौजेत जाणारी पोरं जाताना तिथे डोकं टेकायला लागली. आईबाप कडेला उभे, पोराच्या खांद्याला ती हिरवी पिशवी, कपाळाला गुलाल. ते बघून मला रडू यायचं, आणि लोकांना वाटायचं बाई फार हळव्या आहेत.

तीन माघ असे गेले. चौथ्या वर्षी मंडप मोठा करायचा म्हणून दिवाळीआधीच चौथरा फोडला. पहारी लावून दगड वर उचलला, आणि तिसरी चौकट बाहेर आली.

आबांनी मला शाळेतून बोलावून घेतलं आणि सरांनाही. दगड आडवा पडला होता, ओल्या मातीचा वास येत होता, आणि दहा-बारा माणसं नुसती उभी होती. सरांनी पाण्याची बादली मागितली. नेहमीसारखा कुंचला फिरवला, आरसा काढला. घोडा नव्हता. तलवार नव्हती. एक उघड्याबंब अंगाचा माणूस, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्याच्या मागे एका ओळीत मेंढरं, शिंपल्याएवढी लहान. पुढ्यात लांडगा, जबडा उघडा. आणि माणसाच्या पायाशी एक कुत्रं, लांडग्याच्या नरड्याला भिडलेलं.

सर अजून उकिडवेच बसले होते. आबा त्यांच्या कानाशी वाकले, पण आवाज कमी करणं त्यांना जमायचं नाही, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "सर, ही दोन वीत पुन्ना खाली घालू. सिमेट वतलं की झालं. तुमाला बी बरं, आमाला बी बरं."

खरं सांगते, मी मनात म्हटलं, घाला. देवा, घालू देत त्यांना.

सरांनी आरसा पुसून खिशात ठेवला. एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग ते आबांना म्हणाले, गाव बोलवा.

दुपारी चारच्या सुमारास गाव जमलं. मी बायकांमध्ये, वेशीजवळच्या देवळाच्या खांबाला टेकून उभी होते. सर फोडलेल्या चौथऱ्यावर चढले. वर्गात ते जसे बोलायचे तसेच बोलले, जरा थांबत. "या दगडाबद्दल मी तुम्हाला जे सांगितलं ते न पाहता सांगितलं. चूक माझी आहे. तुमच्या भावकीची नाही, आणि दुसऱ्या कुणाचीही नाही. हा माणूस मेंढरं राखताना लांडग्याशी लढून मेला. त्याच्यासाठी कुणीतरी एवढा दगड घडवला. तो पुन्हा मातीत घालू नका, एवढंच मागतो."

मग सगळेच बोलायला लागले. मागून कुणीतरी सरांच्या धर्माचा उल्लेख केला. इतकी वर्षं गावाला तो आठवला नव्हता. मी तोंड उघडलं नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि मी त्या मोजल्यासारखी खाली बघत होते.

गर्दीतून ठकूबाई पुढे आली. कडेवर कोकरू. तिला वाट करून द्यायला कुणी तयार नव्हतं, पण ती आली. दगडापाशी बसली, मेंढरांवरून बोट फिरवलं, मग कुत्र्यावर थांबली. त्याची शेपटी वर गुंडाळलेली होती, कान कापलेले. ती म्हणाली, "मानूस आमचा हाय का न्हाई, ठावं न्हाई. पर कुत्रं आमचंच हाय." दोन-चार माणसं हसली आणि त्या हसण्यानं त्या दिवशीची मारामारी टळली.

दगड उभा राहिला, तिन्ही चौकटींसकट. कमानीवरचा घोडा कुणीतरी चुन्यानं पुसला. पण सरांना गावानं माफ केलं नाही. साप्ताहिकानं त्यांचं लिखाण घ्यायचं थांबवलं. फडक्यातले कागद घेऊन येणारी माणसं यायची बंद झाली, जवळजवळ दोन वर्षं. ज्यांना पाहिल्याशिवाय बोलता येत नाही त्या सरांना लोक 'न बघता सांगणारे' म्हणायचे, आणि ते रोज एम-एटी लिंबाखाली लावून शाळेत यायचे, मस्टरवर सही करायचे, मला विचारायचे, बाई, डबा आणलाय ना. रविवारी पुन्हा फाट्यावर उभे राहायचे. आणि मी जायची. कशी जायची, देव जाणे.

मला मात्र कुणी काही विचारलं नाही. चित्राखाली नाव माझं होतं, तरी नाही. याचं मला आधी नवल वाटलं, मग बरं वाटलं, मग सवय झाली. माझं लग्न ठरलं, बदली साताऱ्याला झाली. लग्नाला सर आणि भाभी आले, एसटीनं, दोन गाड्या बदलून, भाभींच्या हातात शिरखुर्म्याचा डबा. पुढे सरांनी माणदेशातल्या वीरगळांवर दोन पुस्तकं लिहिली. पुण्याहून अभ्यासक त्यांच्याकडे येऊन राहायला लागले. फडकी पुन्हा सुटायला लागली. दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, त्यात एखाद्या नव्या दगडाची बातमी असायची. त्यांच्या हयातीत मला बोलायला कितीतरी दिवाळ्या मिळाल्या.

संदीपनं ठेवलेल्या वहीत ते पान मी शोधलं. शोधायला वेळ लागला नाही. बाकी सगळ्या चुकांवर ती एकच बारीक रेघ, खालचं स्वच्छ वाचता येणारी. फक्त त्या एका ओळीच्या शेवटावर शाई अशी गिरवली आहे की कागद मागून फुगलाय. 'घोडेस्वार, हाती तलवार' एवढं ठेवलंय आणि पुढचं, बाईंनी पाहिली ते, काळं. उजेडाला धरून पाहिलं, आरसा आणून पाहिलं. काही दिसत नाही. शेजारी सरांच्या अक्षरात लिहिलंय, 'माझी चूक. न पाहता लिहिलं.' त्या वह्यांमध्ये त्यांनी लिहिलेलं हे एकच खोटं आहे आणि ते माझ्यासाठी आहे. मी वही मिटली आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी धरली.

दिघंचीच्या पुढे मला वाटच ओळखू येईना. कालव्याचं पाणी आलंय. जिथे कुसळं टोचायची तिथे डाळिंबाच्या बागा, आणि चक्क ऊस. माझ्या साताऱ्यासारखा हिरवा वास त्या माळाला येतोय हे चांगलंच आहे, लोकांचे हाल संपले, पण मला चुकल्यासारखं झालं. मेंढरांचा वास फक्त वेशीजवळ आला, तोही थोडा. आबा वीरगळासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, मिशा पांढऱ्या, कानात मशीन. संदीप फलकाच्या चौकटीचं माप घेत होता. पारावर सात-आठ माणसं होती, ठकूबाईची सून शेरडांना पाला टाकत होती. ठकूबाई आता नाही.

मी चहासुद्धा घेतला नाही. उभ्या उभ्याच आबांना सगळं सांगितलं. कोरी जागा, घोडा, स्टाफरूम, खोटं. आबांनी मशीन नीट बसवलं आणि पूर्ण ऐकून घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "ते आमाला तवाच कळलं हुतं. पेपरात मजकुरात तलवार न्हवतीच. चित्रात हुती. चित्राखाली नाव तुमचं. आमी काय आंधळं न्हवतो."

मी खाली बसले.

सभा झाल्यावर आबा चार पोरं घेऊन माझ्या खोलीकडे निघाले होते, ही गोष्ट त्यांनी मला त्यांच्याच तोंडानं सांगितली. वाटेत लिंबाखाली सर उभे होते. त्यांना ठाऊक होतं हे इकडून येणार. आबांनी विचारलं, बाईंनीच मनानं काढलं न्हवं? सरांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. म्हणाले, त्या एकट्या राहतात तुमच्या गावात. माझं घर आटपाडीत आहे, मला काय बोलायचं ते बोला. पोरांना त्यांनी घरी पाठवलं. मग आबांना खंडोबाच्या देवळात नेलं आणि त्यांना बेलभंडार उचलायला लावून शपथ घेतली, की हे नाव गावात कधी निघणार नाही.

"त्येनी स्वतः भंडाऱ्याची वाटी माझ्या म्होरं धरली," आबा म्हणाले. "आतार मानूस. मी तवा लय तापलो हुतो, पर त्या वाटीम्होरं काय बोलणार. तीस वर्सं पाळली शपत. घरात बी बोललो न्हाई." मग म्हणाले, "तुमाला आमी त्या दिवशी गावात र्‍हाऊ दिलं नसतं, बाई. ते त्येनी वळखलं हुतं."

मी रडले, आणि या वेळी कुणाला वाटलं नाही की बाई हळव्या आहेत. संदीपनं टेप गुंडाळून खिशात ठेवली. मग त्यानं विचारलं, आजोबांची शपथ आहे तर मग फलकावर काय लिहू. आबा म्हणाले, शपथ माझी, बाईंची नाही. त्यांचं त्या बघतील.

मी चौथऱ्यावर चढले. गुडघे दुखतात, संदीपनं हात दिला. पारावरची माणसं बोलायची थांबली, शेरडांना पाला टाकणारी सून वळून पाहायला लागली. मी माझं नाव सांगितलं, माहेरचं, जे त्या चित्राखाली छापलं होतं ते.

"या दगडावर घोडा होता असं मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी पाहिला नव्हता. आतार सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाचीही नाही."

तरण्या पोरांना त्यातलं काही माहीत नव्हतं, ती एकमेकांकडे बघत राहिली. आबांनी मान हलवली. संदीपनं खिशातून मजकुराचा कागद काढला, ते वाक्य खोडलं, आणि माझं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं. ठकूबाईची सून पाल्याचे हात पदराला पुसत जवळ आली. तिला सगळं कळलं होतं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "मग आता बघून काढा की बाई."

संदीपनं शाळेतून ड्रॉइंगचा कागद आणून दिला. मी दगडासमोर मांडी घातली. सुरुवात खालच्या चौकटीपासून केली.